पोपटी चौकटीतले आरसे

शेषरावभाऊ कोणाच्याही घरात शिरले की आधी आरसा शोधतात, माणसं नंतर. यजमान "या भाऊ, बसा" म्हणत उभा असतो, आतून पाण्याचा तांब्या आलेला असतो आणि भाऊ भिंतीकडे तोंड करून आरशावर श्वास सोडत असतात. मग खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक घेऊन काच पुसायची, मान तिरपी करायची, एक डोळा मिटायचा आणि नाडी पाहिल्यासारखं गंभीर होऊन सांगायचं, "हे आजारी हाये."

"कोण?" नवखा माणूस घाबरून विचारतो.

"तुमचा आरसा. पाहा, कोपऱ्यातून सुरू झालं. दोन वर्सात सगळा खाऊन टाकते."

एकदा ते माझ्याबरोबर एका घरी दुखवट्याला आले होते. सगळे खाली मान घालून बसलेले. भाऊ हळूच उठले, खिळ्यावरचा आरसा काढून काखेत मारला आणि घरधन्याच्या कानाशी लागून म्हणाले, "तेरवीच्या आदी आनून देतो." त्याने मान हलवली. दुःखात माणूस कशालाही मान हलवतो. तेरवीला गेलो तेव्हा आरसा जागेवर होता आणि चौकट पोपटी झाली होती.

मी अकोल्याकडच्या शिरपूरच्या शाळेत विज्ञान शिकवतो. आपतन कोन आणि परावर्तन कोन समान असतात, हे मी झोपेतही सांगू शकतो. पण भाऊंच्या शेजारी राहायला आल्यापासून आरसा या वस्तूबद्दल मला जे काही कळत होतं त्याचा पार चोथा झाला आहे. हे लिहितानाही मी गोंधळलेलाच आहे, ते आधीच कबूल करून टाकतो.

आमची ओळख झाली त्या रविवारी मी अंगणात आरसा टांगून दाढी करत होतो. निम्मी झाली होती. तेवढ्यात कुंपणाच्या फटीतून साठीचा एक उंच, किडकिडीत माणूस आत आला. नखांत पोपटी रंग, शर्टाच्या खिशात वर्तमानपत्राची घडी. "मास्तर, हा इकडे द्या," म्हणून त्याने आरसा खाली घेतला. मला वाटलं, याला आपलं तोंड पाहायचं असेल. तो आरसा घेऊन चालू लागला.

"अहो, अर्धी दाढी राहिली आहे माझी!"

"गुरवारी देतो!" कुंपणापलीकडून उत्तर आलं.

उरलेली अर्धी मी स्टीलच्या ताटात पाहून केली. हनुवटीवरची खूण अजून आहे.

गुरुवारी आरसा खरंच परत आला. मागे गंजरोधक लाल रंग, कडेने पोपटी पट्टी, काच लख्ख. काळे डाग गेले होते. फक्त मधोमध काहीतरी चुरगळल्यासारखं झालं होतं आणि त्यात माझं नाक दोन ठिकाणी दिसत होतं. चौकशी केली तेव्हा कळलं की जिथे जिथे आरशाचा मुलामा उडाला होता तिथे तिथे भाऊंनी मागून चहापत्तीच्या पुड्याची चांदी चिकटवली होती.

"डाग गेले का नाई?" भाऊंनी विचारलं.

"गेले. पण नाक..."

"नाक तं घरचंच हाये मास्तर. कोठी जाते थे?"

"घरचंच हाये" हे त्यांचं पालुपद. पैसा न लावता जे मिळतं ते सगळं घरचं. पुड्याची चांदी घरची. फाटकाला लावून उरलेला पोपटी रंग घरचा. तो डबा कधी संपतच नाही, याचंही मला कोडं आहे. काच धुवायला शिळ्या चहाचं पाणी. हट्टी डागाला चुलीतली राख, तीही वस्त्रगाळ. ओरखड्यावर टूथपेस्ट, पण पांढरीच. "हिरवी लावली तं आरशाले थंडी भरते," असं ते म्हणाले. आरशाला थंडी कशी भरते हे मी विचारलं नाही. एकदा असाच प्रश्न विचारला होता तर उत्तर ऐकता ऐकता माझी शाळेची वेळ टळली होती.

शेवटचा हात वर्तमानपत्राच्या बोळ्याने मारायचा. त्यातही रंगीत गुळगुळीत पुरवणी चालत नाही, रोजचा साधा पेपरच लागतो, आणि तो आमच्याकडे येतो. मी चष्मा शोधेपर्यंत भाऊ दारात. "कालचा द्या." कालचा अजून वाचायचा आहे म्हटलं तर म्हणतात, "काई नाई त्याच्यात. अर्दा तं मी पुसता पुसता वाचला."

आता हा माणूस काही रिकामटेकडा नाही. बसस्टँडच्या पलीकडे त्यांचा भाजीचा मळा आहे. वांगी, मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर. पहाटे उठून भाजी तोडतात, वच्छलावहिनी घराच्या ओट्यावर बसून जुड्या बांधतात, आणि गावातल्या मोठ्या देवळात आलेले यात्रेकरू परतीच्या बसमध्ये चढण्याआधी त्या घेऊन जातात. दुपारपर्यंत माल संपतो. मग संध्याकाळपर्यंत आरसे.

हे सगळं कोणासाठी चाललं होतं, ते मात्र गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. वच्छलावहिनींसाठी.

झालं असं होतं. दोन वर्षांपूर्वी वहिनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेल्या, तर त्यांचं कुंकू कपाळाच्या मधोमध नव्हतं, डाव्या भुवईवर गेलं होतं. बायका हसल्या. आम्ही तेव्हा नुकतेच शेजारी राहायला आलो होतो, आणि माझी बायको मंगल तिथे होती. "मीही हसले थोडी," असं तिनेच मला सांगितलं. त्याचं तिला अजून वाईट वाटतं. वहिनी घरी आल्या आणि त्यानंतर दवाखाना सोडला तर त्यांनी ओट्याखाली पाऊल टाकलं नाही. ना लग्नाला, ना बारशाला, ना देवळात. विचारलं की म्हणायच्या, "आरशात धड दिसत नाई वं बाई. मंदी काळं दिसते. असं वाकडं कुंकू लावून कोठी जाऊ?"

भाऊंनी त्यांना अकोल्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडेही नेऊन आणलं होतं. डोळे ठणठणीत आहेत, आरसा जुना झाला आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं म्हणे. वहिनी ही गोष्ट सगळ्यांना कौतुकाने सांगत. मला ती जरा चमत्कारिक वाटे. अकोल्यात बसलेल्या डॉक्टरला शिरपूरच्या भिंतीवरचा आरसा कसा दिसला? पण मी गोंधळलो की गप्प बसतो. शिक्षकाने तसंच करावं.

तर भाऊंना तो आरसा साफ करायचा होता. वहिनींना त्यात स्वतःचं तोंड स्वच्छ दिसलं पाहिजे, म्हणजे त्या चारचौघींत जातील. नवा आणा, हे मंगलने सुचवून पाहिलं. भाऊ म्हणाले, "नवा आरसा मानसाले ओळखत नाई." आणि वहिनींचा आरसा तसा साधा नव्हताच. लग्नात रुखवतात आलेला, सागवानी चौकटीचा, दोन हातांत धरता येईल एवढा. त्याला भाऊ चहाचं पाणी आणि पेपर याखेरीज काही लावत नसत. "तिच्या आरशावर डायरेक्ट परयोग नाई करायचा. आदी हात बसला पायजे," असं त्यांचं म्हणणं. हात बसवायला गल्लीचे आरसे होते.

गेल्या उन्हाळ्यात, लग्नसराईच्या तोंडावर, त्यांनी गल्लीतले अकरा आरसे एकदम काढून नेले. मागून लाल रंग दिला आणि मळ्याच्या तारेच्या कुंपणाला ओळीने सुकायला टांगले. रंग सावलीत सुकवावा, असा त्यांचा नियम. म्हणून पाठी मळ्याकडे आणि तोंडं रस्त्याकडे. दुपारी मालेगावकडून बस आली आणि ड्रायव्हरच्या डोळ्यांत एकदम अकरा सूर्य घुसले. त्याने करकचून ब्रेक मारला आणि खाली उतरला.

"काय लावून राह्यले हे, काका? मानसं मारता का?"

भाऊ त्याच्याकडे पाहतच नव्हते. ते बसच्या बाजूच्या आरशाकडे पाहत होते. "हे आजारी हाये," ते म्हणाले.

ड्रायव्हर आणखी दोन मिनिटं ओरडला. तोवर भाऊ चाकावर पाय देऊन वर चढले होते आणि पेपरचा बोळा फिरवत होते. प्रवासी खाली उतरले, कोणी वांगी घेतली, कोणी सांभाराच्या जुड्या. निघताना ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "काका, आतला बी पाहून देता का जरासा?" मला हा ड्रायव्हर इथेच कळेनासा होतो. ज्याने आपल्याला आंधळं केलं त्याच्याकडून माणूस आरसा कसा काय पुसून घेतो?

पण खरा घोटाळा दुसऱ्या दिवशी झाला. अकरा आरसे, अकरा पोपटी चौकटी, पाठी सगळ्यांच्या लाल. कोणता कोणाचा हे ओळखायला खूणच उरली नाही. भाऊंनी ते ओट्यावर मांडले आणि सगळ्या बायका जमल्या. एकेक जण आरसा उचलून आत पाहू लागली.

"हा माहा नाई. माह्या आरशात मी इतली जाडी नव्हती."

"मंग थो माहा असन, आना इकडे." पाहून झाल्यावर, "छ्या, माहाबी नाई."

शेवटी एक आरसा असा निघाला की त्यात प्रत्येक जण सडपातळ दिसत होती. त्याच्यावर चौघींनी हक्क सांगितला. मी विज्ञानाचा माणूस म्हणून मोजपट्टी घेऊन गेलो आणि आपापल्या आरशाची लांबी-रुंदी सांगा म्हणालो. सगळ्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पट्टी खिशात घातली. खरं तर आमच्या आरशाची लांबी मलाही ठाऊक नव्हती.

"ज्याले जो पटला थो न्या," भाऊंनी निकाल दिला. "घरचेच हाये सगळे."

आमच्या वाट्याला आलेल्या आरशात मी थोडा तरुण दिसतो. तो आमचा नाही याची मला पक्की खात्री आहे. पण मी तो परत केलेला नाही.

वहिनी त्या दिवशी ओट्याच्या कडेला बसून हा गोंधळ ऐकत हसत होत्या. हातांत मेथी होती, आणि जुडीतलं गवत बोटं आपोआप वेगळं काढत होती. "पाह्यलं का मास्तर," त्या म्हणाल्या, "सगळ्याइचेच आरसे बिघडले हाये. मले वाटे माहाच." हे त्या इतक्या समाधानाने म्हणाल्या की मला त्याचं नवल वाटलं.

यंदा आसेगावचं लग्न निघालं. वहिनींच्या भावाची मुलगी. या मुलीने लहानपणी वहिनींच्या मांडीवर बसून वेणी घालून घेतलेली, आणि स्वभावाने हट्टी. तिने फोनवर स्पष्ट सांगून टाकलं, "आत्याबिगर मी हळद लावून घेत नाई." वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. "आरसा साफ झाला की येते वं माय," त्या म्हणाल्या. त्यांनी फोन ठेवला आणि भाऊ तडक माझ्याकडे आले. त्या दिवशी त्यांनी आमच्या आरशाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मास्तर, आता खरं औषध पायजे. तुमी मांगं सांगत होते ना, काचीवर चांदी चढवता मनून?"

मी सांगितलं होतं खरं, फुशारकीच्या भरात. सिल्व्हर नायट्रेट, अमोनिया, ग्लुकोज. काचेवर चांदीचा पातळ थर बसतो आणि आरसा तयार होतो. पुस्तकात हा प्रयोग चार ओळींत संपतो. आमच्या अंगणात तो तीन रविवार चालला. रसायन मी अकोल्याहून आणलं. हे एवढंच काय ते घरचं नव्हतं. अर्थात पहिला बळी माझा दाढीचा आरसा. पहिल्या रविवारी काचेवर काळं साचलं. दुसऱ्या रविवारी चहाच्या रंगाचं. माझी बोटंही काळी पडली, आणि ती साबणाने, राखेने, लिंबाने, कशानेच निघेनात. आठवडाभर मी हात खिशात घालून शिकवलं. मंगलने ताटात वाढायची वाटी माझ्या हातून काढून घेतली. तिसऱ्या रविवारी, का कोण जाणे, चांदी बसली. आदल्या दोन वेळा काय चुकलं होतं आणि या वेळी काय बरोबर झालं, हे मला आजही सांगता येणार नाही.

मग वहिनींचा आरसा. मागची फळी काढून भाऊंनी जुना मुलामा जरा जरा करत खरवडला. मी द्रावण ओतलं. आम्ही दोघे मांजरासारखे दबा धरून बसलो. हळूहळू काचेच्या कडेने चमक सुरू झाली आणि पसरत मधोमध आली. उचलून पाहिलं तर त्यात मागच्या कडुनिंबाचं पान न पान दिसत होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा विज्ञान शिकवण्याऐवजी केलं होतं. मला उड्या माराव्याशा वाटल्या. भाऊंनी पाठीला लाल रंगाचे दोन हात दिले. चौकटीला पोपटी रंग लावला नाही. फळीही पुन्हा बसवली नाही. "पाठ मोकळी राहू द्या काई दिवस, रंग पक्का होईन," म्हणाले.

चार दिवसांनी आम्ही तो वहिनींच्या हातात दिला. त्यांनी जवळ धरला, लांब धरला, मान वळवली.

"लई चांगलं केलं," त्या म्हणाल्या. "पन मंदी काळं हाये अजून."

मी आरसा घेऊन पाहिला. कुठेही काही नाही. "कुठे आहे, वहिनी?" त्यांनी बरोबर मधोमध बोट ठेवलं. मी आरसा हातभर डावीकडे सरकवला. "आता?" "आता बी तोंडावरच हाये." उजवीकडे सरकवला. डागही सोबत आला. आरसा सरकतो आणि डाग तोंडासमोरच राहतो, हे परावर्तनाच्या कुठल्याच नियमात बसत नाही. काही क्षण मी आरशाकडे आणि वहिनींकडे आळीपाळीने पाहत राहिलो. मग मला कळलं, आणि मी बोलायला तोंड उघडलं.

"हाये हाये!" भाऊ एकदम मोठ्याने म्हणाले. "मलेबी दिसून राह्यला. अजून एक हात मारा लागते. चला मास्तर, मळ्यात चला." आणि माझा दंड धरून त्यांनी मला ओढतच बाहेर नेलं.

वांग्यांच्या वाफ्यापाशी आल्यावर त्यांनी दंड सोडला.

"तुमी हुशार मानूस. समजलं तुमाले. पन बोलू नका."

"भाऊ, त्यांचे डोळे..."

"शुगरनं पडदा खाल्ला मने डाक्टर. दोन्ही डोयांचा. गेलं थे गेलं, राह्यलं थे सांभाळा, मने." भाऊ वांग्याच्या पानाकडे पाहत बोलत होते. "थे बाहेर बाकड्यावर बसली होती. मी आलो तं इचारते, काय म्हने? माह्या तोंडातून निंगून गेलं, डोये ठीक हाये, आरसा जुना झाला म्हने. अशी हासली मास्तर! मने, मले वाटलंच होतं. मंग काय करता? आरसे साफ करा लागले."

"दोन वर्षं?"

"खोटं बोललो तं त्याचं कामबी करा लागते ना."

"आणि गल्लीचे कशाला घेतलेत?"

"एकट्या तिचाच घासत बसलो असतो तं तिच्या मनात आलं असतं ना, की माह्याच आरशाले काहून? सगळ्याइचेच बिघडले मनल्यावर तिले बरं वाटते."

दोन वर्षं मी या माणसाला विक्षिप्त समजत होतो, शिक्षकांच्या खोलीत त्याच्या नकला करून दाखवत होतो. मला माझी लाज वाटली. डोळे भरून आले आणि त्याच वेळी भाऊंचा रागही आला. औषधपाण्याचं काय, असं मी जरा करड्या आवाजात विचारलं.

"सगळं चालू हाये. चष्म्याचा नंबर पाहाचा मनून नेतो तिले दर दोन-तीन मयन्यानं. गोया देतो ताकदीच्या मनून."

"मग लग्नाचं?"

भाऊंनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "थेच तं होऊन बसलं ना मास्तर. आरसा साफ झाल्यावर जाईन मनते. थो आता कसा साफ करू, सांगा."

मी म्हणालो, खरं सांगून टाका. ते म्हणाले, तुम्ही सांगा. मी दोन दिवस मनाशी वाक्यं जुळवली. पडदा, दृष्टी, प्रकाश. एकही वाक्य वहिनींसमोर बोलण्यासारखं निघालं नाही.

हळदीचा दिवस आला. आसेगावला जायला जीप ठरली होती, आणि आम्हालाही आमंत्रण होतं. मंगलला मी सगळं सांगितलं होतं. आम्ही भाऊंच्या घरी गेलो तर ते धुतलेला पांढरा सदरा घालून भिंतीला टेकून बसले होते. "तुमी जा," ते म्हणाले. "आमी नाई येत." वहिनी मात्र न्हाऊन, नवी साडी नेसून पाटावर बसल्या होत्या. पुढ्यात कुंकवाचा करंडा.

"अजी, आरसा आना," त्या म्हणाल्या.

भाऊ नाइलाजाने उठले, आरसा काढला आणि त्यांच्या हातात दिला. वहिनींनी तो पदराने पुसला. एक बाजू पुसली, उलटून दुसरी पुसली आणि तोंडासमोर धरला. लाल रंगाची पाठ त्यांच्याकडे, काच आमच्याकडे. चकचकीत काचेत आम्ही तिघे ओळीने उभे दिसत होतो.

वहिनी त्या लाल रंगाकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"गेलं काळं," त्या म्हणाल्या. "साफ दिसून राह्यलं आता. लई मेहनत केली तुमी."

मी बोलणार होतो. मंगलने मला असा चिमटा काढला की तोंड उघडंच राहिलं. मी आरशातच भाऊंकडे पाहिलं. त्यांनाही दिसलं होतं.

न पाहता मेथीतलं गवत निवडणाऱ्या बाईच्या बोटांना काच कोणती आणि खरबरीत रंग कोणता, हे कळलं नसेल? की कळलं होतं, आणि म्हणूनच त्यांनी पाठ समोर धरली? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. मला अजून सांगता येत नाही.

"दिसनारच," भाऊ कसेबसे म्हणाले. "पक्की चांदी हाये थे."

वहिनींनी करंड्यात बोट बुडवलं आणि त्या लाल पाठीत पाहून कुंकू लावलं. ते डाव्या भुवईवर गेलं. भाऊ त्यांच्यापुढे उकिडवे बसले, दुपट्ट्याने ते हलकेच पुसलं, आपल्या बोटावर कुंकू घेतलं आणि बरोबर मधोमध टेकवलं. बाकीच्या वेळी या माणसाचं बोट कधी स्थिर नसतं. तेव्हा ते अजिबात हललं नाही.

"काय करता अजी? मास्तर पाहून राह्यले."

"जरासं जास्त झालं होतं."

"मंदी आलं का?"

"मंदी आलं."

बाहेर जीपवाला हॉर्न वाजवू लागला. वहिनींनी आरसा बाजूला ठेवला आणि भाऊंच्या खांद्याचा आधार घेऊन त्या उठल्या. दारापर्यंत आल्या. उंबऱ्याशी थांबून पाय थोडा पुढे केला, मागे घेतला.

"अजी," त्या हळूच म्हणाल्या, "माह्या चपला कोठी हाये, दाखवा. मले दिसत नाई."

भाऊ खाली वाकले आणि एकेक चप्पल त्यांच्या पायापुढे सरळ करून ठेवली.